किती वेळ उभी राहतात

माझ्या छातीपर्यंत येणारी काचेची नळी,
आत तिरप्या चकत्या, एकीखाली एक.
वरून शंभर चिलटं सोडायची,
मद्यार्काची वाफ आत खेळवायची
आणि मी, मक्वला, घड्याळ लावून बसायचं.

आधी सगळी शहाण्यासारखी पाय रोवून.
मग एकाएकी धावपळ,
काचेवर डोकी आपटणं,
नर-मादी न बघता कुणाच्याही मागे लागणं.
शोरेना हसते. नवीन आहे, बातुमीहून आलेली.
वहीत लिहिते: उत्साह.
मग एकेकाचा पाय सुटतो.
खालच्या चकतीवर पडतं,
सावरतं, पंख नीट करतं,
कुणी पाहिलं नाही ना, असं.
पुन्हा सुटतं.
चकती चकती करत तळाच्या बाटलीत टप्प.
तो टप्प मला ऐकू येतो म्हटलं
तर प्राध्यापक म्हणतात, अशक्य,
जेमतेम एक मिलिग्रॅमचा जीव.

साबुरतालोतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
वाझाच्या खिशात रात्री ते वीस तेत्री कधीच नसत.
सात मजले चालत यायचा.
मी आतून मोजायची.
दुसऱ्यावर खोकला.
तिसऱ्यावर किल्ल्या पडल्या.
चौथ्यावर म्हाताऱ्या त्सिआलाच्या
बंद दाराला मोठ्यानं गामार्जोबा.
पाचव्यावर गप्प.
पाचव्यावर तो फार वेळ गप्प असायचा.
तेव्हा मी घड्याळ लावलं नव्हतं.

मेजवानीत तोच तमादा,
तोच बोलायचा, बाकीच्यांनी पेले उचलायचे.
शिंगाचा पेला टेबलावर ठेवता येत नाही, कलंडतो.
रिकामा करूनच हातातून सोडायचा.
शांततेसाठी. गेलेल्यांसाठी.
अजून न जन्मलेल्या मुलांसाठी,
इथे तो माझ्याकडे बघायचा नाही.
लोक म्हणत, वाझाला पचते.
मलाही अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी तीच चिलटं पुन्हा नळीत.
प्रयोगाचा खरा भाग हा.
काल वीस मिनिटांत पडलेली
आज सत्तावीस टिकतात.
शोरेना विचारते, म्हणजे सुधारली का ती?
प्राध्यापक फळ्यावर लिहितात: सहनशक्ती.
मी मान डोलावते.
काल रिकाम्या बाटलीत मरगळून पडलेली,
तासाभरानं उठली, पाय घासले,
आणि शिकून आली.

एक वाण आहे, एकतीस नंबरच्या बाटलीत.
तिच्यात कुठलं तरी अक्षर मोडलंय.
ती शिकतच नाही.
आजही वीस, उद्याही वीस,
परवासुद्धा पहिल्यांदाच प्यायल्यासारखी
निमूट खाली येते.
कागदोपत्री ती सदोष.
मी तिच्या बाटलीत खाणं जरा जास्त घालते,
मक्याचं पीठ, यीस्ट, काकवी.
हे नोंदवलेलं नाही.

काम संपलं की मोजलेली चिलटं
खिडकीतल्या बरणीत ओतायची.
बरणीत काय, तर मद्यार्कच.
पहिल्या दिवशी शोरेनाचा हात अडला होता.
आता ती फोनवर बोलत बोलत ओतते.

मी संध्याकाळी घरी जाते.
खिशात नाणं असतं,
तरी पाचव्यापर्यंत चालते आणि थांबते.
काय आहे तिथे बघायला?
खिडकी. कुणाची तरी चाक नसलेली सायकल.
ऑक्टोबर आहे, म्हणून काखेतीहून आलेल्या
द्राक्षांच्या तीन पेट्या,
खालचे घड दबून आंबायला लागलेले.
त्यांवर चिलटं.
ही माझी नव्हेत, यांना नंबर नाही.
मी फुंकर घालते.
उठतात.
पुन्हा तिथेच बसतात.